खांदेदुखी, ‘ड्राय नीडलिंग’ आणि ऊतींची दुरुस्ती

जाळ्याच्या वर झेपावून चेंडू ठोकणारा व्हॉलीबॉलपटू, धाव घेऊन चेंडू टाकणारा वेगवान गोलंदाज, पहाटेच्या सरावात तलावाच्या फेऱ्यांवर फेऱ्या मारणारा जलतरणपटू, भालाफेकपटू, बॅडमिंटनपटू यांचे खेळ वेगवेगळे असले, तरी एक दुखणे या साऱ्यांना ओळखीचे असते. ते म्हणजे खांद्याचे. हात डोक्यावर नेऊन वेगाने फिरवावा लागणाऱ्या प्रत्येक खेळात खांद्याच्या स्नायूंवर असाधारण ताण येतो आणि हंगाम ऐन भरात असताना हे दुखणे डोके वर काढते. अशा खेळाडूंवर भौतिकोपचाराच्या दालनात अलीकडे एक उपचार वाढत्या प्रमाणात केला जातो. केसापेक्षा थोडी जाड, औषधविरहित सुई दुखऱ्या स्नायूत टोचायची, स्नायू क्षणभर फडफडला की ती काढून घ्यायची, इतकेच त्याचे दृश्य स्वरूप. यालाच ‘ड्राय नीडलिंग’ असे म्हणतात.

या उपचारानंतर अनेकांना काही मिनिटांतच खांदा हलका झाल्यासारखा वाटतो. हात पूर्वीपेक्षा वर जातो, टोचणी कमी होते. खेळाडूच्या आणि प्रशिक्षकाच्या दृष्टीने हा अनुभव मोलाचा असतो. मात्र धोकाही नेमका येथूनच सुरू होतो. वेदना शमणे ही एक घटना आहे आणि दुखावलेली ऊती भरून येणे ही दुसरी. पहिलीला काही मिनिटे पुरतात, दुसरीला काही आठवडे, प्रसंगी काही महिने लागतात. या दोहोंमधील अंतर ज्याला उमगले, त्याच्यासाठी सुई हे उपयुक्त साधन ठरते. ज्याला ते उमगले नाही, तो बरा न झालेला खांदा घेऊन पुन्हा मैदानात उतरतो.

खांदा इतका का दुखतो?

मानवी शरीरातील सर्वांत मोकळा फिरणारा सांधा म्हणजे खांदा. दंडाच्या हाडाचा गोल माथा खांद्याच्या पात्यावरील उथळ खळग्यात टेकलेला असतो. हा खळगा इतका लहान असतो की कोणत्याही क्षणी माथ्याचा जेमतेम पाव ते एक-तृतीयांश भागच त्याला स्पर्श करतो. मांडीचे हाड कमरेच्या खोल वाटीत घट्ट बसलेले असते, तशी सोय येथे नाही. खांद्याला जे स्थैर्य मिळते, ते प्रामुख्याने अस्थिबंध आणि स्नायू यांच्याकडून.

या स्नायूंमध्ये चार स्नायूंचा एक गट विशेष महत्त्वाचा आहे. सुप्रास्पायनेटस, इन्फ्रास्पायनेटस, टेरिस मायनर आणि सबस्कॅप्युलॅरिस अशी त्यांची नावे असून त्यांच्या एकत्रित आवरणाला ‘रोटेटर कफ’ म्हटले जाते. हात फिरत असताना दंडाचा माथा खळग्याच्या मध्यभागी धरून ठेवणे हे त्यांचे काम. फेकीच्या खेळात या कामाचा कस लागतो. बेसबॉलमधील व्यावसायिक फेकीच्या मोजमापांत दंडाची आतल्या बाजूची फिरवण प्रतिसेकंद ७,००० अंशांहून अधिक वेगाने होत असल्याचे आढळले आहे. एवढ्या वेगाने निघालेला हात चेंडू सुटल्यावर थांबवायचा असतो आणि ती जबाबदारी मागच्या बाजूच्या स्नायूंवर, विशेषतः इन्फ्रास्पायनेटस व टेरिस मायनरवर पडते. लांबत असतानाच जोर लावण्याची ही क्रिया स्नायूवर सर्वाधिक ताण आणणारी असते. जलतरणपटूच्या बाबतीत वेगापेक्षा आवर्तनांची संख्या त्रासदायक ठरते. रोजच्या सरावात त्याचा हात हजारो वेळा डोक्यावरून फिरतो. १९७४ साली केनेडी आणि हॉकिन्स या वैद्यकांनी या दुखण्याला ‘स्विमर्स शोल्डर’ हे नाव दिले आणि ते क्रीडावैद्यकात रूढ झाले.

स्नायूतील गाठ आणि दूरवर उमटणारी वेदना

थकलेल्या, वारंवार ताणल्या गेलेल्या स्नायूवरून बोट फिरवले असता कधी कधी ताणलेल्या दोरीसारखा एक पट्टा हाताला लागतो आणि त्या पट्ट्यावर एखादा वाटाण्याएवढा बिंदू दाबताच रुग्ण कळवळतो. हाच ‘ट्रिगर पॉइंट’. त्याचे वैशिष्ट्य असे की, वेदना त्या जागेपुरती न राहता दूरवर उमटते. इन्फ्रास्पायनेटस हा स्नायू खांद्याच्या पात्यावर, म्हणजे पाठीकडे असतो. पण त्यातील बिंदूची वेदना खांद्याच्या पुढच्या बाजूस आणि दंडावरून खाली जाणवते. त्यामुळे खेळाडू पुढच्या बाजूला मलम चोळत राहतो आणि दुखण्याचे मूळ पाठीमागे तसेच राहते. नेदरलँड्समध्ये खांदेदुखीच्या ७२ रुग्णांची तपासणी करून २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे तीन-चतुर्थांश रुग्णांच्या इन्फ्रास्पायनेटसमध्ये असे वेदनादायी बिंदू आढळले होते. मानेपासून खांद्यापर्यंत पसरलेल्या ट्रॅपिझियस स्नायूच्या वरच्या भागात ते निम्म्याहून अधिक रुग्णांत होते.

हे बिंदू निर्माण का होतात, याविषयी सर्वाधिक मान्यता पावलेली उपपत्ती चेता आणि स्नायू यांच्या संधिस्थानाशी निगडित आहे. चेतातंतूच्या टोकाशी ॲसिटिलकोलिन हे रसायन प्रमाणाबाहेर स्रवते, त्यामुळे स्नायूतंतूंचा छोटासा भाग सतत आकसलेला राहतो, त्या आकसण्याने सूक्ष्म रक्तवाहिन्या दाबल्या जातात, प्राणवायू कमी पडतो, आम्लता वाढते आणि वेदनाग्राही चेता संवेदनशील होतात. हे चक्र स्वतःलाच पोसत राहते. मात्र ही उपपत्ती वादातीत नाही. क्विंटनर, बोव्ह आणि कोहेन या अभ्यासकांनी २०१५ साली तिच्यावर सविस्तर टीका केली. दोन तज्ज्ञांना एकाच रुग्णात नेमका तोच बिंदू सापडेल याची खात्री नसते, हा त्यांचा एक महत्त्वाचा आक्षेप होता. दुखरा बिंदू खरा असतो. त्याचे स्पष्टीकरण अद्याप पूर्ण झालेले नाही, असेच सध्या म्हणावे लागते.

कोरडी सुई आली कोठून?

स्नायूंतील वेदनाबिंदूंचे पद्धतशीर नकाशे तयार करण्याचे श्रेय अमेरिकी वैद्यक जॅनेट ट्रॅव्हेल यांना जाते. राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांच्या त्या खासगी वैद्यक होत्या. डेव्हिड सायमन्स यांच्यासह त्यांनी लिहिलेल्या ग्रंथाचा पहिला खंड १९८३ साली प्रसिद्ध झाला. दुखऱ्या बिंदूत स्थानिक बधिरीकरणाचे औषध टोचणे ही त्यांची पद्धत होती.

औषध काढून टाकले तर काय होईल, या प्रश्नाचे उत्तर चेकोस्लोव्हाकियातील वैद्यक कारेल लेविट यांनी १९७९ साली दिले. त्यांनी २४१ रुग्णांच्या ३१२ वेदनास्थानी केवळ सुई टोचली आणि सुमारे ८७ टक्के स्थानी तत्काळ आराम मिळाल्याची नोंद केली. आराम देणारी गोष्ट औषध नसून सुईचे टोचणेच असावे, असा निष्कर्ष त्यातून निघाला. नेमकी जागा सापडली तरच हा परिणाम दिसतो, हेही त्यांनी नोंदवले. त्याच सुमारास कॅनडातील चॅन गन यांनी चेतामुळांच्या बिघाडाला केंद्रस्थानी ठेवून स्नायूंना सुईने उद्दीपित करण्याची स्वतंत्र पद्धत विकसित केली. सिरिंज नाही, द्रव नाही, म्हणून सुई ‘कोरडी’ आणि उपचाराचे नाव ‘ड्राय नीडलिंग’.

ॲक्युपंक्चरशी या उपचाराचे साम्य सुईपुरते आहे. दोन्हींत तीच बारीक, भरीव सुई वापरली जाते. पण ॲक्युपंक्चरमागे प्राचीन चिनी वैद्यकातील ऊर्जामार्गांची कल्पना आहे आणि टोचण्याच्या जागा परंपरेने ठरलेल्या आहेत. ड्राय नीडलिंगमध्ये जागा ठरते ती शरीररचनाशास्त्र आणि त्या रुग्णाच्या स्नायूची हाताने केलेली तपासणी यांवरून.

सुई टोचल्यावर स्नायूत काय घडते?

सुई बरोबर बिंदूवर पोहोचली की स्नायूचा तो पट्टा नकळत एकदम फडफडतो. ही पाठीच्या कण्यातील चेतारज्जूमार्फत होणारी प्रतिक्षिप्त क्रिया आहे. हाँग या संशोधकाने १९९४ साली दाखवून दिले की, बधिरीकरणाचे औषध टोचले काय किंवा कोरडी सुई टोचली काय, ही फडफड उमटली तरच ठळक आराम मिळतो. फरक इतकाच की, कोरड्या सुईनंतर स्नायू अधिक काळ व अधिक तीव्रतेने ठणकतो.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील जय शाह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली अतिसूक्ष्म नलिका असलेल्या सुईने ट्रॅपिझियस स्नायूतील द्रवाचे नमुने थेट तपासले. सक्रिय वेदनाबिंदूपाशी ‘सब्स्टन्स पी’, ब्रॅडिकायनिन आणि दाह वाढवणारी अन्य द्रव्ये अधिक प्रमाणात होती, तसेच तेथील आम्लताही जास्त होती. फडफड उमटल्यानंतर यांपैकी काही द्रव्यांची पातळी घसरली. सुई टोचल्यावर त्या भागातील रक्तप्रवाह व प्राणवायूचे प्रमाण काही काळ वाढते, असेही अन्य अभ्यासांत दिसून आले आहे. याखेरीज टोचणीची संवेदना चेतारज्जूच्या पातळीवर वेदनेचा संदेश अडवते आणि मेंदूकडून वेदना दडपणारी यंत्रणा जागी होते, असे मानले जाते. उपचाराविषयीची अपेक्षा आणि उपचारकाचा विश्वास यांचाही वाटा नाकारता येत नाही, कारण सुईचा हुबेहूब खोटा उपचार तयार करणे संशोधकांनाही कठीण जाते.

या सर्व परिणामांकडे पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते. त्यांतील बहुतेक परिणाम वेदनेच्या संदेशवहनाशी आणि स्नायूच्या आकुंचनाशी संबंधित आहेत. फाटलेला तंतू जोडण्याचे काम त्यांत कोठेही नाही.

ऊती कशा बऱ्या होतात?

स्नायू किंवा कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरीसारखी रचना) दुखावली की शरीर तीन टप्प्यांत दुरुस्ती करते. हे टप्पे एकमेकांत मिसळलेले असतात. पहिला टप्पा दाहाचा असून तो साधारण पहिले काही दिवस टिकतो. सूज, उष्णता, ठणका ही त्याची लक्षणे. या काळात पांढऱ्या पेशी मृत अवशेष साफ करतात आणि पुढील पेशींना बोलावणारी रसायने सोडतात. दाह म्हणजे केवळ शत्रू नव्हे. दुरुस्तीची सुरुवात त्यानेच होते.

दुसरा टप्पा नवनिर्मितीचा. स्नायूतंतूंच्या कडेला सुप्तावस्थेत असलेल्या ‘सॅटेलाइट पेशी’ जाग्या होतात, त्यांची संख्या वाढते आणि त्या एकत्र येऊन नवे तंतू घडवतात. अलेक्झांडर मॉरो यांनी १९६१ साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली या पेशी प्रथम ओळखल्या. कंडरेत मात्र फायब्रोब्लास्ट प्रकारच्या पेशी कोलॅजनचे घाईघाईने विणलेले, तुलनेने कमकुवत जाळे तयार करतात. हा टप्पा काही आठवडे चालतो. तिसरा टप्पा पुनर्रचनेचा. कमकुवत कोलॅजनची जागा बळकट कोलॅजन घेते आणि तंतू ताणाच्या दिशेने रचले जातात. स्नायूमध्ये हे काम काही आठवड्यांत ते महिन्यांत आटोपते. कंडरेत, तिचा रक्तपुरवठा स्नायूपेक्षा कमी असल्याने, ते एक वर्षाहून अधिक काळही चालू राहू शकते.

या तिसऱ्या टप्प्याला दिशा देणारी शक्ती म्हणजे योग्य प्रमाणातील ताण. संपूर्ण विश्रांतीत तंतू विस्कळीत राहतात, अतिताणात ते पुन्हा तुटतात. जोरदार व्यायामानंतर कंडरेत पहिले २४ ते ३६ तास कोलॅजन घडण्यापेक्षा मोडण्याचे प्रमाण अधिक असते आणि त्यानंतर घडण हळूहळू वरचढ होते. म्हणूनच जड सरावाच्या दोन दिवसांमध्ये मोकळा दिवस ठेवण्याचा सल्ला शरीरशास्त्राला धरून आहे.

आता सुईचा प्रश्न. सुई स्वतःदेखील एक सूक्ष्म जखम करते. स्पेनमधील संशोधकांनी उंदरांच्या स्नायूंवर केलेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात असे दिसले की, वारंवार टोचल्याने स्नायूतंतूंना व बारीक चेतातंतूंना इजा झाली, तिसऱ्या दिवसाच्या सुमारास नवे तंतू व चेतांची पुनर्जोडणी सुरू झाली आणि आठवडाभरात स्नायू पूर्ववत झाला. निरोगी स्नायू सुईची इजा सहज भरून काढतो, हा दिलासा या प्रयोगातून मिळतो. पण त्यातूनच दुसरा अर्थही निघतो की, आदल्या टोचणीतून स्नायू सावरण्याआधीच तेथे पुन्हा पुन्हा टोचत राहणे शहाणपणाचे नाही. जुनाट, न भरणाऱ्या कंडरेत मुद्दाम सुईने सूक्ष्म जखमा करून दुरुस्ती नव्याने सुरू करण्याचा एक वेगळा उपचार आहे. तो बहुधा सोनोग्राफीच्या साहाय्याने वैद्यक करतात. स्नायूतील ड्राय नीडलिंगशी त्याची गल्लत करू नये. पूर्ण फाटलेला रोटेटर कफ यांपैकी कोणत्याही सुईने सांधला जात नाही.

संशोधनाचा कौल

खेळाडूंपुरते बोलायचे तर एक अहवाल वारंवार उद्धृत केला जातो. ऑस्बोर्न आणि गॅट यांनी २०१० साली आंतरराष्ट्रीय पातळीवरील चार महिला व्हॉलीबॉलपटूंवर, महिनाभराच्या चुरशीच्या स्पर्धाकाळात केलेल्या ड्राय नीडलिंगची माहिती प्रसिद्ध केली. चौघींच्याही वेदना, हालचाल आणि ताकद यांत सुधारणा झाली व त्या खेळत राहू शकल्या. हा अनुभव उत्साहवर्धक असला, तरी खेळाडू केवळ चार होत्या आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, हे विसरून चालणार नाही.

तुलनात्मक चाचण्यांचा कौल अधिक संयत आहे. स्पेनमध्ये खांदेदुखीच्या १२० रुग्णांवर झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, प्रत्येकाच्या गरजेनुसार आखलेल्या भौतिकोपचाराला ड्राय नीडलिंगची जोड दिल्याने कोणताही अतिरिक्त लाभ झाला नाही. त्याच वर्षीच्या दुसऱ्या स्पॅनिश चाचणीत ५० रुग्णांच्या एका गटाला केवळ व्यायाम आणि दुसऱ्याला व्यायामासह ड्राय नीडलिंग देण्यात आले. वर्षभराच्या पाठपुराव्यात वेदनेच्या बाबतीत दोन्ही गट सारखेच राहिले. दैनंदिन कामे करण्याची क्षमता मात्र सुई घेतलेल्या गटात अधिक सुधारली. अनेक चाचण्यांचे एकत्रित परीक्षण करणाऱ्या लेखांचा सूर असा की, काहीही न करण्यापेक्षा किंवा खोट्या सुईपेक्षा ड्राय नीडलिंग थोड्या काळासाठी वेदना कमी करते, परिणाम बहुधा लहान असतो आणि दीर्घकालीन लाभाचा पुरावा दुबळा आहे.

थोडक्यात, सुई काही आठवड्यांची सवलत मिळवून देऊ शकते. त्या सवलतीचा उपयोग कसा केला जातो, यावर पुढचे सारे अवलंबून असते.

उपचाराची रीत

उपचारापूर्वी निदान हवे. खांद्याची प्रत्येक वेदना स्नायूची नसते. सांधा निखळणे, खळग्याच्या कडेची कूर्चा फाटणे, मानेतील मणक्यांमुळे चेता दाबली जाणे अशी कारणे आधी तपासावी लागतात. व्हॉलीबॉलपटूंमध्ये सुप्रास्कॅप्युलर चेतेला इजा होऊन इन्फ्रास्पायनेटस स्नायू वेदनेशिवायही वाळत जातो, हे क्रीडावैद्यकाला चांगले ठाऊक आहे. अशा स्नायूला सुईची नव्हे, चेतेच्या तपासणीची गरज असते. डाव्या खांद्याच्या दुखण्यासोबत छातीत दडपण, घाम किंवा धाप असेल तर ते हृदयविकाराचे लक्षण असू शकते आणि तेथे क्षणाचाही विलंब परवडत नाही. ताप, रात्री झोपेतून उठवणारी सततची वेदना, हाताला बधिरता किंवा अचानक आलेली दुर्बलता असेल तर प्रथम वैद्यकाकडेच जावे.

प्रत्यक्ष उपचारात रुग्णाला झोपवून त्वचा जंतुनाशकाने पुसली जाते. हातमोजे घालून उपचारक बिंदू चिमटीत किंवा बोटांखाली धरतो आणि निर्जंतुक, एकदाच वापरायची सुई टोचतो. ती साधारण पाव मिलिमीटर जाडीची असते. सुई काही वेळा आत-बाहेर हलवली जाते. फडफड उमटताना एक खोल, आवळल्यासारखी कळ येते. वापरलेली सुई लगेच बंद डब्यात टाकणे अनिवार्य आहे. नंतरचा एक-दोन दिवसांचा ठणका सामान्य असून तो बहुधा ७२ तासांच्या आत ओसरतो. या काळात ताकद थोडी कमी वाटू शकते. त्यामुळे महत्त्वाच्या सामन्याच्या आदल्या दिवशी पहिल्यांदाच हा उपचार करून घेणे अयोग्य ठरते.

खेळाडूंना या उपचाराचे आणखी एक आकर्षण आहे. सुईत औषध नसल्याने उत्तेजक द्रव्यविरोधी नियमांचा प्रश्न उद्भवत नाही. याउलट, स्टेरॉइडची इंजेक्शने, मग ती सांध्यात दिलेली असली तरी, १ जानेवारी २०२२ पासून जागतिक उत्तेजक द्रव्यविरोधी संस्थेच्या नियमांनुसार स्पर्धाकाळात निषिद्ध आहेत.

धोके आणि दक्षता

सर्वसाधारणपणे हा उपचार सुरक्षित मानला जातो. आयर्लंडमधील ३९ भौतिकोपचारतज्ज्ञांनी केलेल्या ७,६२९ उपचारांच्या नोंदींत किरकोळ त्रासाच्या १,४६३ घटना आढळल्या. त्यांत काळे-निळे पडणे, किंचित रक्तस्राव आणि वेदना यांचाच भरणा होता. गंभीर घटना एकही नव्हती. अमेरिकेत २०२० साली प्रसिद्ध झालेल्या २०,४६४ उपचारांच्या पाहणीत मात्र २० गंभीर घटना नोंदल्या गेल्या, म्हणजे दर हजारी सुमारे एक.

खांद्याच्या परिसरातील सर्वांत मोठा धोका फुफ्फुसाचा आहे. ट्रॅपिझियसच्या वरच्या भागाखाली आणि बरगड्यांच्या मधल्या जागेत फुफ्फुसाचे आवरण फारसे खोल नसते. सुई तेथवर गेली तर भोवतालच्या पोकळीत हवा शिरून फुफ्फुस आकसते. अमेरिकी फ्रीस्टाइल स्कीपटू टोरिन येटर-वॉलेस याच्या बाबतीत २०१३ च्या अखेरीस नेमके हेच घडले. ऑलिंपिक निवडीच्या तोंडावर ड्राय नीडलिंगदरम्यान त्याच्या फुफ्फुसाला इजा झाली आणि त्याला रुग्णालयात दाखल व्हावे लागले. पुढे फेब्रुवारी २०१४ मध्ये तो सोची ऑलिंपिकमध्ये उतरला, पण तयारीचा मोलाचा काळ हातचा गेला होता. उपचारानंतर काही तासांनीही छातीत टोचणे, कोरडा खोकला किंवा धाप लागणे असा त्रास झाल्यास तातडीने रुग्णालय गाठावे. अशी शंका असताना विमानप्रवास किंवा स्कूबा डायव्हिंग करणे जिवावर बेतू शकते.

रक्त पातळ करणारी औषधे घेणारे, रक्तस्रावाचा विकार असलेले, त्या जागी त्वचेचा संसर्ग असलेले, रोगप्रतिकारशक्ती क्षीण झालेले किंवा लसिका साचून हात सुजलेला असलेले रुग्ण यांनी हा उपचार टाळावा अथवा वैद्यकाच्या सल्ल्यानेच घ्यावा. गर्भवतींनी उपचारकाला तशी आगाऊ कल्पना द्यावी. सुईची तीव्र भीती हेदेखील नकाराचे पुरेसे कारण आहे. हा उपचार संमतीनेच व्हावा. प्रशिक्षकाच्या आग्रहाखातर अल्पवयीन खेळाडूला सुई टोचणे कोणत्याही निकषावर समर्थनीय नाही. पालकांची व त्या मुलाची संमती आवश्यक आहे.

भारतात २०२१ च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याने भौतिकोपचाराला स्वतंत्र वैधानिक चौकट दिली आहे. ड्राय नीडलिंग हे बहुधा पदवीनंतरच्या वेगळ्या प्रशिक्षणातून शिकले जाते. त्यामुळे उपचारकाची पदवी आणि या विशिष्ट तंत्राचे प्रशिक्षण, या दोन्हींची विचारणा करण्यात रुग्णाने संकोच बाळगू नये. व्यायामशाळेतील मार्गदर्शक किंवा मालिश करणारा हा त्यासाठी पात्र नव्हे.

सुईनंतरचे काम

वेदना कमी झालेले पहिले काही दिवस हे खऱ्या उपचाराचे दिवस असतात. त्या मोकळीकीत प्रथम हालचालीचा पूर्ण पल्ला परत मिळवायचा, मग हळूहळू ताकद. रबरी पट्टा कोपराशी काटकोन ठेवून बाहेरच्या दिशेने ओढणे, खांद्याचे पाते मागे-खाली स्थिर ठेवण्याचे व्यायाम, छातीच्या वरच्या मणक्यांची लवचीकता, पाय व कंबर यांचे बळ, असा हा क्रम असतो. चेंडूफेकीची ताकद जमिनीपासून पायांवाटे वर येते. पाय आणि कंबर दुबळी असली की त्यांचा भार खांद्याला उचलावा लागतो. बाहेर फिरवण्याचे बळ आत फिरवण्याच्या बळाच्या किमान दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश असावे, असा निकष क्रीडा भौतिकोपचारात सर्रास वापरला जातो. तो पूर्ण झाल्यावर फेकीची संख्या, अंतर आणि वेग टप्प्याटप्प्याने वाढवले जातात. तिन्ही गोष्टी एकदम वाढवायच्या नसतात.

व्यायामाचे सामर्थ्य किती, याचे उत्तम उदाहरण नॉर्वेतून मिळते. तेथील अव्वल हँडबॉल संघांच्या ६६० खेळाडूंवर झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, सरावापूर्वी आठवड्यातून तीनदा केलेल्या सुमारे दहा मिनिटांच्या व्यायामक्रमाने खांद्याच्या तक्रारींचा धोका २८ टक्क्यांनी घटला. या क्रमासाठी सुई लागली नाही, महागडे यंत्रही लागले नाही. लागली ती शिस्त. गावपातळीवरील क्लबांना आणि शालेय संघांनाही हे सहज शक्य आहे.

खेळाडूचा काळ मोजका असतो, स्पर्धा वर्षातून एकदाच येते आणि निवड समिती कोणासाठी थांबत नाही. अशा वेळी दहा मिनिटांत दुखणे हलके करणाऱ्या उपचाराचा मोह होणे स्वाभाविक आहे. हा उपचार घेण्यात गैर काही नाही; जाणत्या हातांनी, योग्य निदानानंतर आणि व्यायामाच्या जोडीने तो जरूर घ्यावा. मात्र वेदना ही शरीराची सूचना असते आणि सुई त्या सूचनेचा आवाज कमी करते. आत चाललेली दुरुस्ती तिच्या स्वतःच्या गतीनेच पूर्ण होते. दुखणे थांबलेल्या दिवशी खांदा बरा झाला असे न मानता, त्या दिवसापासून तो बरा होऊ लागला असे जो खेळाडू मानतो, त्याचा हात पुढील हंगामातही डोक्यावर उंच जातो.